अनुभव नाही म्हणून तीन महिने फुकट काम? नागपूरच्या सलूनवाल्यांना सरळ प्रश्न

शिकवणारी_ताई
सलूनमालकांच्या एका ग्रुपवर काल एका मालकीणबाईंनी लिहिलं, "डिप्लोमा घेऊन आलेल्या मुलींना आयब्रोही धड येत नाही. आधी तीन महिने बिनपगारी काम करा, ओरिजिनल मार्कशीट जमा करा, वर्षभर सोडून जाणार नाही असा बॉण्ड द्या, मग पगाराचं बघू." खाली अंगठ्यांची रांग लागली. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

येत नाही, हे काही अंशी खरं आहे. पण का येत नाही? आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी, म्हणजे पार्लरच्या कामाचा, ट्रेड एका वर्षाचा, १२०० तासांचा. वर्गातल्या मुली एकमेकींवर सराव करतात. सगळ्या अठरा-वीसच्या, कातडी घट्ट, भुवया दाट. सलूनच्या खुर्चीत पंचावन्न वर्षांच्या बाई येऊन बसतात. पापणीची कातडी सैल असते. क्लायंटने एका हाताने पापणी खाली आणि दुसऱ्या हाताने भुवईची कातडी वर ताणून धरली नाही, तर दोऱ्याच्या पिळात केसासोबत कातडीही सापडते आणि चीर पडते. वर्गातल्या मैत्रिणीवर पन्नास वेळा आयब्रो करूनही हे कळत नाही. ते कळण्याची जागा सलूनच आहे. मग अनुभव कोणी द्यायचा?

आणि त्या फुकटच्या तीन महिन्यांत मुलगी नेमकं काय करते, तेही सांगा. टॉवेलच्या घड्या, पेडिक्युअरचे टब धुणं, वॅक्स गरम करून सीनियरच्या हाताशी ठेवणं, केस झाडणं. दोऱ्याला हात लागत नाही. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी "अजून हात बसला नाही" म्हणून पुढचा महिनाही फुकट. याला प्रशिक्षण म्हणू नका.

गोकुळपेठ_पार्लर
ताई, वर्गात बसून लिहिणं सोपं आहे. नुकसानीचा हिशोब मांडा. एक भुवई जास्त निघाली तर भरायला किमान तीन-चार आठवडे. तेवढ्यात त्या बाईच्या घरी साखरपुडा असतो. ती परत येत नाही. एकटी जात नाही, तिची बहीण, तिची सून, सुनेचं ब्रायडल, सगळं जातं. एका आयब्रोचे पैसे परत देऊन हे भरून निघत नाही.

दुसरं, बायोडेटा. सगळ्यांच्या बायोडेटात एकच ओळ, "सर्व सर्व्हिसेस येतात." प्रत्यक्षात फेशिअलच्या मसाजला बसवलं की सहाव्या मिनिटाला हात थांबतो, कारण पुढचे स्ट्रोक आठवत नाहीत. मसाज पंधरा-वीस मिनिटांचा असतो. ब्लॅकहेड काढायला वाफ किती वेळ, अंतर किती, विचारलं तर उत्तर नाही. वाफेचं मशीन नाकाशी आणून लावतात.

आणि ज्या शिकतात त्या सहा महिन्यांत जातात, क्लायंटचे नंबर घेऊन. घरोघरी निम्म्या पैशात तेच काम करतात. बॉण्ड हौस म्हणून घेत नाही कोणी.

नंदनवनची_पोट्टी
काहून सगळं पोरींवरच ढकलून राहिले? जाहिरातीत लिहितात "फ्रेशर चालेल", इंटरव्ह्यूत विचारतात दोन वर्षांचा अनुभव आहे का. पगार आठ-नऊ हजार सांगतात, वर "इन्सेंटिव्ह". इन्सेंटिव्ह मिळतो टार्गेट झाल्यावर आणि टार्गेट होते फेशिअल-हेअर स्पाच्या बिलावर, जे काम फ्रेशरले देतच नाही. मग टार्गेट कसं होईन? सकाळी दहा ते रात्री नऊ. कामठीची पोरगी ऑटोने ऑटोमोटिव्ह चौकात येऊन तिथून मेट्रो पकडते, सलूनले पोचते तेव्हा दहा वाजून जातात. महिन्याचे जाण्यायेण्याचे पैसे काढा न त्या आठ हजारातून.

आणि कोणाचा हात वॅक्सने भाजला की क्लायंटचं बिल पगारातून कट. थर्मोस्टॅट बिघडलेला हीटर मालकाचा, कटिंग पोरीचं.

गोकुळपेठ_पार्लर
हीटरला दोष देणं सोपं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघायचा, हा पहिल्या आठवड्याचा धडा आहे. बघत नाहीत. नॉब फुल्ल करून ठेवतात आणि मोबाइल घेतात. निष्काळजीपणाचे पैसे मी का भरू?

वॅक्सवाली_सदर
इथे मला बोलावंच लागेल, कारण वॅक्समध्ये जे बिघडतं त्यातलं अर्धं तापमानाचं नसतंच.

नागपूरचा मे महिना धरा. बाहेर पंचेचाळीस, क्लायंट स्कूटीवरून आलेली, हात घामाने ओले. हनी वॅक्स त्या घामावर बसत नाही. केस धरत नाही, चिकट थर कातडीवर राहतो. नवी मुलगी त्याच जागी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पट्टी ओढते. तिसऱ्या ओढीला साल निघते आणि सगळे म्हणतात वॅक्स गरम होतं. करायचं काय? दहा मिनिटं एसीत बसू द्या, हात पुसून कोरडा करा, हलकी टाल्क, थर पातळ. डिसेंबरात उलट, वॅक्स पटकन घट्ट होतं, थर जाड बसतो, म्हणून नॉब वाढवतात. मुलीला डिसेंबरात जे सेटिंग शिकवलं तेच ती मे महिन्यात ठेवते, आणि तेव्हा वॅक्स पाण्यासारखं पातळ होऊन कोपरावरून ओघळतं.

रिका वॅक्सचा प्रकार वेगळा. त्याला आधी जेल, नंतर तेल. ते तेलातच सुटतं, पाण्याने निघत नाही. क्लासमध्ये फक्त हनी शिकलेली मुलगी ओल्या टॉवेलने घासत बसते आणि हात लाल करते. हे तिला कोणी सांगितलं होतं का, आधी ते विचारा.

शिकवणारी_ताई
आणि ओढ. पट्टी वर, छताकडे उचलली की साल निघणारच. कातडी एका हाताने ताणून पट्टी कातडीला समांतर, केसांच्या वाढीच्या उलट, एका झटक्यात. काखेत केस दोन-तीन दिशांनी वाढतात, तिथे एकाच मोठ्या पट्टीने काम होत नाही, छोटे भाग करावे लागतात. केस पाच-सहा मिलिमीटर नसले तर पट्टी पकडतच नाही, तरी "आलीय तर करून टाक" म्हणून सीनियर बसवतात. ओढ चुकते ते शिक्षणाचं. तोकड्या केसांवर वॅक्स करायला लावणं हे मात्र सलूनचं.

वॅक्सवाली_सदर
त्याहून मोठी गोष्ट कोणी बोलत नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या मुली आता दर आठवड्याला येतात. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर साधारण सहा महिने वॅक्स करायचं नाही. कातडी इतकी पातळ झालेली असते की वॅक्स कोमट असलं तरी पापुद्रा निघतो. ट्रेटिनॉइन, अॅडापॅलिन ही मुरुमांची क्रीम लावणाऱ्यांच्या वरच्या ओठावरही असाच पापुद्रा निघतो. नागपुरात रामदासपेठेत एका रस्त्यावर किती त्वचारोगतज्ज्ञ आहेत बघा, म्हणजे किती क्लायंट या औषधांवर असतील याचा अंदाज येईल. हा प्रश्न रिसेप्शनवर विचारला गेला नाही आणि साल निघाली, तर पगार कोणाचा कापणार?

गोकुळपेठ_पार्लर
क्लायंट सांगत नाहीत. विचारलं तर राग येतो, "मी काय आजारी दिसते का?" म्हणतात. शनिवारी सहा जणी बाकावर थांबलेल्या असताना प्रत्येकीचा फॉर्म भरत बसू का?

वॅक्सवाली_सदर
हो, भरत बसा. "कुठलं औषध चालू आहे का" असं विचारलं तर नाही म्हणतात. "मुरुमांसाठी काही लावता का, गोळी घेता का" असं विचारलं की सांगतात. नाव, औषध, अॅलर्जी, सही. दोन मिनिटांचं कार्ड. ते नाही ठेवलं आणि वर नव्या मुलीचा पगार कापला, तर हा अन्याय आहे आणि मी तो अन्यायच म्हणणार.

गोकुळपेठ_पार्लर
भाषा सांभाळा. प्रत्येक मालक लुटारू नसतो. भाडं, वीज, उन्हाळ्यात एसीचं बिल, पितृपक्षात रिकाम्या खुर्च्या, हे कोण भरतं?

हिशेबनीस_दादा
थोडं कागदावरचं बोलू.

नुकसानीची कपात सरसकट करता येत नाही. नुकसान थेट त्या कामगाराच्या हलगर्जीमुळे झालेलं असलं पाहिजे आणि तिला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. क्लायंटला तुम्ही माफ केलेलं बिल मुलीच्या नावावर टाकणं यात बसत नाही.

"सोडल्यावर दोन वर्षं नागपुरात कुठे काम करायचं नाही" अशी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे टिकत नाही. नोकरी चालू असतानाचा बॉण्ड वेगळा विषय. तुम्ही खरोखर पैसे खर्चून कोर्स करवला असेल, तर वाजवी भरपाई मागता येते. टॉवेलच्या घड्यांची भरपाई मागता येत नाही.

ओरिजिनल मार्कशीट अडकवून ठेवण्याचा अधिकार सलूनला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. बोर्डाची मार्कशीट आणि आयटीआयचं प्रमाणपत्र डिजिलॉकरवर दिसतं. मुलींनी तिथून दाखवावं, ओरिजिनल घरी ठेवावं.

आणि शिकवायचंच आहे तर अप्रेंटिस म्हणून घ्या. त्यासाठी १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के, महिन्याला कमाल १५०० रुपये, वाटा सरकार देतं. शिकणं, कागद आणि पैसा तिन्ही सरळ राहतं. मला एकही मध्यम सलून असं सांगा, जिथे हे विचारलं तरी गेलंय.

गोकुळपेठ_पार्लर
दादा, पोर्टलवर नोंदणी, करार, हजेरी, हे करायला वेगळा माणूस लागतो. तीन खुर्च्यांच्या पार्लरला हे जमत नाही. पाच-सहा जणी असलेल्यांनी करावं, इतपत मान्य. मार्कशीटचंही मान्य, ते मीही ठेवत नाही. नंबर चोरण्याचं काय, त्यावर कोणी बोललं नाही.

बेसा_होमसर्व्हिस
नंबर चोरणं काय? क्लायंट स्वतः विचारते, "घरी येशील का?" मनीषनगर, बेसाकडे नवीन फ्लॅट झाले, लहान मुलं टाकून धरमपेठेत कोण येणार? पण फ्रेशरने लगेच होम सर्व्हिसला जाऊ नये, हे मात्र मीही सांगते. सलूनमध्ये चूक झाली तर सीनियर सावरते. दुसऱ्याच्या बेडरूममध्ये ब्लीचची आग व्हायला लागली तर तुम्ही एकट्या.

नंदनवनची_पोट्टी
मग जायचं कुठे? सलून घेत नाही, होम सर्व्हिस करू नको म्हणता.

शिकवणारी_ताई
वेळ साधायची. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागली की कोणालाही शिकवायला फुरसत नसते, तेव्हा फ्रेशरला दारातूनच परत पाठवतात. श्रावण-भाद्रपदात अर्ज करा. विदर्भात महालक्ष्म्यांच्या आधी आठवडाभर थ्रेडिंग-वॅक्सची गर्दी असते, तेव्हा जास्तीचे हात लागतात आणि कामही साधं असतं. तिथे हात बसला की पितृपक्षाच्या रिकाम्या दिवसांत सीनियरकडून फेशिअलचे स्ट्रोक पक्के करून घेता येतात, आणि दिवाळीला तुम्ही क्लायंटच्या खुर्चीमागे उभ्या असता. शनिवार-रविवारी विचारायला जाऊ नका. मंगळवार-बुधवार, सकाळी अकराच्या सुमारास.

बायोडेटात "सर्व सर्व्हिसेस" लिहू नका, इथे मालकीणबाईंचं बरोबर आहे. सर्व्हिस, किती जणींवर केली, किती मिनिटांत होते, असं लिहा. आयब्रो सात मिनिटं. पूर्ण हात वॅक्स वीस मिनिटं. हेअर कलर फक्त सीनियरसोबत, पॅच टेस्ट ४८ तास आधी. जे येत नाही ते येत नाही म्हणून लिहिलेला बायोडेटा मालक दोनदा वाचतात. फोटो एकाच उजेडात, फिल्टरशिवाय, आणि क्लायंटला विचारून.

सर्टिफिकेटवर ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचा स्तर असेल तर तोही लिहा. सहाय्यक ब्युटी थेरपिस्ट स्तर ३, ब्युटी थेरपिस्ट स्तर ४. मालकांनी स्तर ३ च्या मुलीकडून स्तर ४ चं काम मागू नये.

गोकुळपेठ_पार्लर
आणि दोन महिन्यांत "मास्टर डिप्लोमा" वाटणाऱ्या क्लासेसचं काय? त्यांच्या मुली यूव्ही कॅबिनेटमध्ये प्लकर ठेवला म्हणजे स्टरलाइज झाला समजतात. ते कपाट स्वच्छ केलेली हत्यारं ठेवायला असतं. आधी धुवा, मग ७० टक्के अल्कोहोल, नाहीतर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेचं मशीन. वॅक्सचा चमचा तर काखेत फिरवून पुन्हा डब्यात बुडवतात.

शिकवणारी_ताई
त्या क्लासेसवर माझा तुमच्याइतकाच राग आहे. फी घेऊन मुलीचं वर्ष आणि बापाचे पैसे दोन्ही घालवतात. पण ती फसलेली मुलगी तुमच्या दारात आली की तुम्ही तिला फुकट राबवता, हे उत्तर नाही. ट्रायल घ्या. दोन दिवस, त्या दिवसांचे पैसे देऊन. पहिल्या दिवशी स्वच्छता, चमचा एकदाच बुडवते का, तीन वेगळ्या वयांच्या बायकांचे आयब्रो, एक हात वॅक्स. दुसऱ्या दिवशी क्लीनअप आणि फेशिअलचा पूर्ण मसाज घड्याळ लावून. मॉडेल तुमच्या स्टाफमधल्या, म्हणजे क्लायंट जायचा प्रश्न नाही. काय आलं, काय नाही, ते कागदावर लिहून तिला द्या, नाही घेतलं तरी.

गोकुळपेठ_पार्लर
दोन दिवसांचे पैसे देईन. लिहूनही देईन. पण पैसे देणाऱ्या क्लायंटचं वॅक्स पहिला महिना नवीन मुलीच्या हातात देणार नाही, यावर मी हलणार नाही.

वॅक्सवाली_सदर
नका देऊ. पण त्या महिन्यात पगार चालू ठेवा, आणि रोज दुपारी दोन ते चार, खुर्च्या रिकाम्या असतात तेव्हा, स्टाफच्या हातापायांवर करू द्या. आणि ते औषधाचं कार्ड सोमवारपासून छापून घ्या.

नंदनवनची_पोट्टी
ट्रायलचे पैसे किती, तेही सांगून टाका न इथेच. सगळ्या पोरी वाचून राहिल्या.