उत्तर मागाहून येतं, तिथेच मुलं अडतात

अ‍ॅप इन्व्हेंटरवर, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून मोबाइल अ‍ॅप बनवायच्या साधनावर, भाषांतराचं अ‍ॅप आठवीच्या मुलांना एका तासात जमतं, असं म्हणतात, ते पटतं. पण आमच्या पुण्यातल्या वर्गात गाडी हमखास एकाच ठिकाणी अडते. मुलं बटण दाबल्यावर चालणाऱ्या ठोकळ्यातच उत्तर दाखवायला जातात आणि लेबल (पडद्यावरची उत्तराची जागा) कोरंच राहतं! ट्रान्सलेटर हा अ‍ॅपमधला भाषांतराचा घटक मजकूर नेटवरून पाठवतो, उत्तर मागाहून येतं. म्हणून ते ‘गॉट ट्रान्सलेशन’च्या, म्हणजे उत्तर आल्यावर चालणाऱ्या ठोकळ्यातच दाखवायचं. हे डोक्यात बसेपर्यंत अ‍ॅपने उत्तर बोलून दाखवायची सोय नको (ती मुलं तशीही जोडतातच म्हणा). भाषेच्या जागी ‘मराठी’ नाही, ‘एमआर’ हा कोड लागतो. आणि सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या ‘मंत्रा’बद्दल मुलांना जरूर सांगा. सरकारी कागदांसाठीची ही इंग्रजी-हिंदी भाषांतराची प्रणाली आपल्या पुण्यातच घडली, हे ऐकून मुलं कान टवकारतात.