मदत हवी आहे : थायलंडमध्ये शाळा बदलताना नॉन-बी (नोकरीसाठीच्या) व्हिसाचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, बीएस्सी बीएड. दोन वर्षं थायलंडमधल्या कोराट शहरातल्या एका खाजगी शाळेत गणित शिकवतेय, एजन्सीमार्फत. करार दहाच महिन्यांचा, म्हणजे मार्चमध्ये शाळा संपली की पगार बंद आणि मेपर्यंत हरी हरी! यंदा नूतनीकरण नाही, असं परवा तोंडी सांगितलं.

माझा व्हिसा आणि वर्क परमिट दोन्ही याच नोकरीला बांधलेले. नोकरी सुटली की मुक्कामाची परवानगीही संपते, आणि जास्त राहिलं तर दिवसाला ५०० बाट दंड. चिआंग माईची एक शाळा घ्यायला तयार आहे, पण एजन्सी सोडचिठ्ठीचं पत्र द्यायला टाळाटाळ करतेय. त्यात खुरुसपाचा (थायलंडच्या शिक्षक परिषदेचा) दोन वर्षांचा तात्पुरता शिक्षक परवानाही संपत आलाय.

असं कुणी केलंय का? देशातल्या देशात नव्या शाळेकडे बदल होतो, की शेजारच्या लाओसमध्ये व्हिएन्टिआनला जाऊन नवा नॉन-बी आणावा? बीएडवर पूर्ण परवान्यासाठी कुणी अर्ज केलाय का? कृपया 'टुरिस्टवर राहून शिकव' हा सल्ला नको, तो एजन्सीने देऊन झालाय.