घरातलं वायफाय गेलं तेव्हा तुम्ही काय केलंत? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनी अनुभव लिहा

गेल्या महिन्यात रविवारी संध्याकाळी आमचं वायफाय गेलं आणि पोराची दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऑनलाइन मुलाखत होती. कुणीतरी मागं कधी सांगितलेलं डोक्यात होतं की रिसेट केलं की होतंय, म्हणून मी राऊटरच्या मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घालून दहा सेकंद दाबून धरली. सगळे लाइट एकदम गेले, परत आले, आणि आमच्या वायफायचं नावच यादीतून गायब झालं. नाव गेलं, पासवर्ड गेला, आणि जोडणी देताना कंपनीच्या माणसानं आत भरलेलं युजरनेम-पासवर्ड पण पुसलं गेलं. ते नसलं तर फायबर ठणठणीत असून पण नेट येत नाही, हे मला तेव्हा कळलं. ते आम्ही कुठंच लिहून ठेवलेलं नव्हतं. पोरानं अनगोळला मावशीच्या घरी जाऊन मुलाखत दिली. मंगळवारी माणूस आला तेव्हा मूळ दुखणं काय निघालं तर अडॅप्टर कमजोर झालेलं, बास.

रिस्टार्ट म्हणजे बटन बंद करून चालू करणं, त्यात काही जात नाही. रिसेट म्हणजे पाटी कोरी. हा फरक आपल्याकडं घराघरात माहीत व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा काढला. लिहिताना एवढं बगा: नाव दिसत होतं काय? जोडलेलं दाखवून नेट नव्हतं काय? एकाच फोनवर गेलं की सगळ्यांवर? लाइट कुठले होते? आणि शेवटी काय सापडलं ते सांगा. "मग आपोआप आलं" असं लिहिलं तर दुसऱ्याला त्याचा उपयोग नाही.
(टिळकवाडीहून)

वडगाव, खाली माग वर घर

आमच्या खाली दोन पॉवरलूम आहेत. दीड महिना असं व्हायचं की दिवसातनं सात-आठ वेळा वायफाय जायचं आणि दोन-तीन मिनिटांत परत यायचं, रात्री मात्र एकदा पण नाही. कस्टमर केअरला चार वेळा फोन केला, दरवेळी "आमच्या बाजूनं लाइन चांगली दिसतीय", आणि ते खोटं बोलत नव्हते. शेवटी पुतण्यानं ब्राऊझरमध्ये 192.168.1.1 घालून राऊटरचं पान उघडलं, तिथं अपटाइम म्हणून एक आकडा असतोय, म्हणजे राऊटर किती वेळ न थांबता चालू आहे ते. आमचा दाखवत होता 11 मिनिटं. आम्ही तर महिनाभर त्याला हात लावला नव्हता. म्हणजे नेट जात नव्हतंच, राऊटर स्वतःच बंद पडून परत चालू होत होता.

मग मी कॅलेंडरवर वेळा लिहायला लागलो. खाली मागाची मोटर चालू केली की त्या क्षणाला व्होल्टेज खाली यायचं आणि राऊटर झोपायचा. दुसरं म्हणजे मागाच्या हादऱ्यानं अडॅप्टरची पिन राऊटरमध्ये सैल झालेली, बोटानं हलवली की लाइट मिणमिणायचे. अडॅप्टरवर 12 व्होल्ट 1 अँपिअर लिहिलेलं, तसलंच नवीन घेतलं (व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे नाहीतर जास्त चालतात, कमी नको), राऊटर भिंतीवरनं काढून लाकडी फळीवर फोम घालून ठेवला आणि मधे राऊटरचा छोटा यूपीएस बसवला. आता अपटाइम 23 दिवस दाखवतोय.

निपाणीजवळच्या खेड्यातनं

आमच्याकडं ऊस तोड चालू झाली की नेट जातंय, हे लहान पोरं पण सांगतील. ट्रॉलीत ऊस वरपर्यंत भरलेला असतो, रस्त्यावरनं आडवी आलेली फायबरची वायर त्यात अडकली की ओढूनच जाते. तुटली तर समजतं, एलओएस म्हणून जो लाइट असतो तो लाल लागतो, म्हणजे फायबरमधला उजेड पेटीपर्यंत येतच नाही. तिथं तुम्ही राऊटर शंभरदा बंद-चालू केला तरी काही होणार नाही, सरळ तक्रार द्यायची.

पण आमचं जे झालं ते ह्याहून वाईट, वायर तुटली नाही, फक्त ओढली गेली आणि खांबाच्या क्लिपपाशी काटकोनात वाकली. फायबर जास्त वाकली की उजेड आतनं बाहेर सांडतो. लाल लाइट नाही, सगळं हिरवं, पण दुपारी नेट चालायचं आणि पहाटे जायचं. पोरगं म्हणायचं वायफाय खराब, मी म्हणायचो फोन खराब. माणूस मीटर घेऊन आला, त्यानं पेटीतनं वायर काढून लावली, उणे 29 डीबीएम (उजेड किती पोचतोय त्याचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका उजेड कमी). म्हणाला उणे 27 च्या खाली गेलं की पेटीला वाचता येत नाही, नवीन जोडणीला आम्ही उणे वीसच्या आसपास ठेवतो. क्लिप काढून वायर गोल सोडली, आकडा उणे 21. पाच मिनिटांचं काम होतं आणि आम्ही तीन आठवडे घरात भांडत होतो. आता वायर दोन हात वर उचलून घेतलीय, हंगाम बघू कसा जातो.

विमान मोड

आमच्या ताईचा लॅपटॉप दोन दिवस एकही नेटवर्क दाखवत नव्हता. कीबोर्डवर वरच्या ओळीत विमानाचं चित्र असलेली की पुसताना दाबली गेलेली. आधी तेवढं बघत जावा.

जांबोटीकडचं जुनं घर

आमचं घर चिऱ्याचं, भिंती दीड-दीड फुटाच्या, ओसरी, माजघर, मग स्वयंपाकघर. राऊटर ओसरीत. नवीन राऊटर आल्यावर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ (एकाच राऊटरमधनं निघणारी दोन तऱ्हेची वायफाय) दोन्हीला एकच नाव देऊन गेले होते. स्वयंपाकघरात फोन बघितला की वायफायची एक काडी, जोडलेलं आहे, पण व्हिडिओ फिरत बसतोय. फोन 5 ला चिकटून बसायचा आणि 5 भिंतीतून फार जात नाही, 2.4 त्यापेक्षा बरं पोचतं, वेग कमी असला तरी. आणि पावसाळ्यात आमच्या भिंती पाणी पितात, ओली भिंत सिग्नल अजूनच खाते, जूनमध्ये चालणारं ऑगस्टमध्ये चालायचं नाही ते ह्यामुळं. दोन्हीला वेगळी नावं दिली, स्वयंपाकघरातल्या फोनला 2.4 लावून दिलं, थोडं सुधारलं.

मग मी उत्साहानं जुना राऊटर काढला, ओसरीतनं माजघरात लॅन केबल टाकली आणि जुना तिथं लावला. संध्याकाळी सगळं घर बंद. विचित्र असं की कुणाचा फोन चालायचा, कुणाचा नाही, आणि तासाभरानं उलटं. दीर बेंगळुरूला असतात त्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं की दोन्ही राऊटरचा पत्ता काय? दोन्हीचा 192.168.1.1. आणि दोन्ही डीएचसीपी चालू, म्हणजे घरातल्या प्रत्येक फोनला आयपी पत्ता वाटायचं काम दोघंही करत होते. एका लग्नात दोन भटजी बसवल्यासारखं झालं. जुन्याचा पत्ता 192.168.1.2 केला, त्याचं डीएचसीपी बंद केलं, केबल मात्र लॅनच्या भोकातच राहू दिली. त्या दिवसापासनं सासूबाई माजघरात बसून नातवाशी बोलतात, आणि आवाज तुटत नाही. मला त्याचंच जास्त समाधान आहे.

हिंडलगा, अपार्टमेंट

फोनवर यादी काढली तर एकतीस वायफाय. 2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल (रेडिओ स्टेशनसारखे ठरलेले पट्टे) तीनच, 1, 6 आणि 11, बाकीचे शेजाऱ्याच्या अंगावर बसतात. आमचा ऑटोवर होता आणि एक दिवस तो 13 वर जाऊन बसला. मेव्हण्यानं अमेरिकेतनं आणलेला लॅपटॉप आमचं वायफायच दाखवेना, बाकी सगळ्यांना दिसतंय. तिकडच्या मशीनी 12-13 ऐकत नाहीत, आपल्याकडं ते चालतात. चॅनल 6 करून ठेवला, लगेच दिसलं. लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर टाकून टाकून त्यानं दोन रात्री घालवलेल्या.

कडोली, मी पुण्याहून लिहितेय

आई-बाबा दोघंच गावी असतात. वायफाय गेलं की बाबांचा फोन, "नेट जाऊलालंय गं". मी विचारायची कुठला लाइट लागलाय, ते म्हणायचे सगळेच लागलेत. कस्टमर केअरवाला कन्नडमध्ये विचारायचा केंपु लाइट आहे काय, बाबांना कन्नड चांगलं येतं, केंपु म्हणजे लाल हे काय सांगायला नको, पण त्या पेटीवर इवलीशी इंग्रजी अक्षरं, चष्मा लावून पण वाचता येत नाहीत आणि पेटी कपाटाच्या वर.

दिवाळीत गेले तेव्हा पेटी खाली आणली, कपाट लोखंडी होतं, तसंही त्याच्यावर आणि आरशाजवळ ठेवू नये. मग आईनंच युक्ती काढली. तिच्या पाकिटातल्या टिकल्या घेतल्या. जे लाइट कायम लागलेले पाहिजेत त्यांच्या शेजारी हिरवी टिकली, जो कधीच लागता कामा नये त्याच्या शेजारी मोठी लाल टिकली, आणि जो लुकलुकला तरी चालतो त्याला काहीच नाही. आता बाबा फोनवर सांगतात, "लाल टिकलीचा लागलाय", की मी इथूनच तक्रार देते. "हिरव्या टिकलीचा पहिलाच विझलाय" म्हटलं की अडॅप्टर नाहीतर करंट. लाल नाही आणि हिरवे सगळे लागलेत तर मग फोनमध्ये बघायचं. पेटीखाली कागद चिकटवलाय, त्यावर ग्राहक क्रमांक, वायफायचा पासवर्ड आणि ते आतलं युजरनेम बाबांच्या अक्षरात. बाबांना आता मला विचारायला लागत नाही ह्याचा त्यांना फार आनंद आहे.

खडेबाजार, दुकान खाली घर वर

कुणी फुकट वापरू नये म्हणून मी राऊटरमध्ये मॅक फिल्टर लावलेला, म्हणजे यादीत असतील तेच फोन आत. बायकोनं नवीन फोन घेतला, त्याचा मॅक पत्ता (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) यादीत घातला, तरी जोडेना. अँड्रॉइड 10 पासून फोन वायफायला आपला खरा पत्ता देत नाही, प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनवून देतो. मी खरा घातलेला. वायफायच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली "डिव्हाइस मॅक वापरा" केलं की झालं. पुढं मी फिल्टरच काढून टाकला आणि पासवर्ड लांब केला, तेच बरं पडतं.

आणि आमच्या जुन्या प्रिंटरचं पण सांगतो, नवीन राऊटरमध्ये सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए3 (वायफायच्या कुलपाची नवीन पद्धत) होती, जुन्या प्रिंटरला ती समजत नाही, पासवर्ड बरोबर असून चूक म्हणतो. डब्ल्यूपीए2 आणि 3 मिश्र असा पर्याय असतोय, तो ठेवा.

अथणी

वळवाच्या पावसात वीज पडली, घरावर नाही, लांब. टीव्हीला गेलेला राऊटरचा एक लॅन पोर्ट जळाला, वायफाय चालू राहिलं पण दर तासाला अडकायचं, आठ दिवसांनी पेटीच मेली. फायबरच्या काचेतनं वीज येत नाही, पण करंटच्या वायरीतनं आणि तांब्याच्या केबलीतनं येते. आता ढग गडगडायला लागले की मी अडॅप्टर आणि लॅन दोन्ही काढून ठेवतो.

टिळकवाडी (धागा काढणारी)

कडोलीच्या ताई, टिकल्या आजच लावल्या. वडगावच्या काकांनी सांगितलेला अपटाइम पण बघितला, नवीन अडॅप्टर लावल्यापासनं 16 दिवस. आणि पेटीतलं युजरनेम लिहून आता देवघराच्या फळीवर ठेवलंय. सांबऱ्याचे एकजण खाली विचारताहेत त्यांना कुणीतरी सांगा.

सांबरा

माझं सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. लाइट सगळे हिरवे, अपटाइम चाळीस दिवस, म्हणजे राऊटर बंद पडत नाही. 2.4 चालू राहतं आणि फक्त 5 चं नाव दिवसातनं दोन-तीनदा यादीतनंच नाहीसं होतं, मिनिटभरानं परत येतं. मी घरून काम करतो, मीटिंग तुटते. राऊटर बदलून बघितला, तेच.

हिंडलगा

चॅनल कुठला आहे बघा. 5 गिगाहर्ट्झमध्ये 52 ते 64 आणि 100 ते 144 हे चॅनल रडारसोबत वाटून वापरायचे असतात. राऊटरला रडारसारखं काही ऐकू आलं तर त्याला तो चॅनल सोडावाच लागतो, आणि तसल्याच दुसऱ्या चॅनलवर बसायच्या आधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत थांबावं लागतं. तुमचं एक मिनिट तेच असेल. ऑटो काढून 36 किंवा 149 ठेवून बघा.

सांबरा

100 वर होता. 36 केला. आज अकरावा दिवस, एकदाही गेलं नाही.