प्राणी शेवटी मरतो अशी पुस्तकं आठ वर्षांच्या मुलांना द्यावीत का?

पारिजात:
लेक आठ वर्षांची. चित्रांच्या पुस्तकांवरून आत्ता कुठे प्रकरणांच्या पुस्तकांकडे वळलीय, रोज रात्री एक प्रकरण मी वाचते एक ती. सध्या 'शार्लट्स वेब' चालू आहे, ई. बी. व्हाइट यांचं १९५२ सालचं, अमेरिकेतल्या शेतावरची गोष्ट. बाबा डुकराचं अशक्त पिल्लू मारायला कुऱ्हाड घेऊन निघालेत आणि आठ वर्षांची फर्न ती कुऱ्हाड ओढून घ्यायला बघते, मग त्या पिल्लाला बाटलीने दूध पाजते. पुढे या विल्बरला वाचवते शार्लट, कोळ्याची मादी. आणि शेवटी शार्लट मरते, जत्रा उठलेल्या मैदानात, जवळ कोणी नाही. ते प्रकरण उद्या आहे आणि मला ते वगळावंसं वाटतंय. लेकीने गॅलरीतल्या कोळ्याला शार्लटच म्हणायला सुरुवात केलीय, मावशींना जाळं काढू देत नाही. माझं मत स्पष्ट आहे, या वयाच्या पुस्तकात मैत्री व्हावी आणि प्राणी जगावा. मरण काय, पुढे आहेच.

खारुताई:
नाही पटलं पारिजातताई, वगळू नका. व्हाइट स्वतः अमेरिकेतल्या मेन राज्यात शेतावर राहायचे, त्यांचं एक डुक्कर आजारी पडून मेलं, त्याला वाचवायला त्यांनी काय काय धडपड केली त्यावर १९४८ साली लेख आहे त्यांचा. चार वर्षांनी ही गोष्ट आली, म्हणजे माणसाने बघून लिहिलंय हे. आणि शार्लट नुसती मरत नाही, तिची ५१४ अंडी विल्बर तोंडात धरून घरी आणतो. मधलं पान तुम्ही गाळलंत तर लेक विचारणारच ना, शार्लट कुठेय? तेव्हा खोटं बोलणार का?

दोन मांजरं:
मी पारिजात यांच्या बाजूने. आमचा कुत्रा गेला त्याच वर्षी लेकाच्या हातात कुत्रा मरतो असं पुस्तक पडलं, कोणी मुद्दाम नाही दिलं, वाढदिवसाला आलं होतं. तेव्हापासून तो नवीन पुस्तक घेतलं की आधी शेवटची दोन पानं उघडतो, कुत्रा आहे ना बघतो, मगच पहिलं पान. दोन वर्षं झाली. मुलं विसरतात वगैरे मला कोणी सांगू नका. खारुताई, लेखक प्रामाणिक आहे हे मान्य, पण वाचणाऱ्या पोराची तयारी कोणी बघायची?

सातारचा:
आमच्याकडे गोठा होता, म्हैस गेली की घरात दोन दिवस कोणी नीट जेवायचं नाही आणि आम्ही पोरं तिथेच असायचो. 'श्यामची आई'तली मोरी गाय मेलेली वाचली तेव्हा रडलो, पण बरं वाटलं की हे पुस्तकातपण असतं. त्यामुळे मरणाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती वेगळीच, चित्रांची पुस्तकं संपली की मराठीत पुढची पायरी बारीकच आहे, मोठा टाइप, छोटी प्रकरणं, शेळी-म्हैस-गल्लीतला कुत्रा यांच्याशी खरी दोस्ती असं मागायला गेलं की दुकानदार पुन्हा बोधकथाच काढून देतो. नाहीतर पिंजऱ्यातला पोपट मित्र असतो, आणि आपल्याकडचा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे हे त्या गोष्टीत कोणी सांगत नाही. मैत्री म्हणायची आणि कोंडून ठेवायचं, हे मला शार्लटच्या मरणापेक्षा जास्त खटकतं.

खारुताई:
सातारचा, पोपटाचं शंभर टक्के. दोन मांजरं, तुमच्या लेकाचं वाचून वाईट वाटलं. त्याला एकट्याला वाचायला लागलं, हाच फरक आहे बघा. मोठं माणूस शेजारी हवं.

पारिजात:
वाचलं काल. लेक रडली नाही, पांघरुणात गप्प पडून राहिली आणि मग म्हणाली, फर्न का नव्हती तिथे? कारण विल्बरला जत्रेत बक्षीस मिळतं तेव्हाही फर्न हेन्री नावाच्या मुलाबरोबर मोठ्या पाळण्यात बसायला पळालेली असते. मरणाची तयारी करून बसले होते मी, हा प्रश्न डोक्यातच नव्हता. फर्न मोठी झाली, एवढंच सांगता आलं, त्यावर ती म्हणाली, मी नाही होणार. अर्धा तास झोप नाही. वगळायला नको होतं हे मान्य खारुताई, पण झोपताना वाचायचं प्रकरण नव्हे ते, शनिवारी सकाळी वाचायला हवं होतं.