उपग्रह जाळला की कंपनीची जबाबदारी संपते?

निरभ्र:
खासगी अंतराळ कंपन्यांचा विषय निघाला की सगळे अब्जाधीशांच्या सहलींवर तुटून पडतात. माझी काळजी वेगळी आहे. 2019 पासून स्टारलिंकचे, म्हणजे स्पेसएक्स या खासगी कंपनीच्या इंटरनेट सेवेचे, हजारो उपग्रह पृथ्वीच्या खालच्या कक्षेत गेले. प्रत्येकाचं आयुष्य साधारण पाच वर्षं, मग तो वातावरणात उतरवून जाळायचा. कक्षेत कचरा राहू नये म्हणून हे ठीकच. पण जळालेलं ॲल्युमिनियम जातं कुठे? 2023 च्या एका अमेरिकी संशोधनात स्ट्रॅटोस्फिअरमधल्या, म्हणजे ढगांच्या वरच्या हवेच्या थरातल्या, गंधकाम्लाच्या सुमारे 10 टक्के कणांत उपग्रह आणि रॉकेटांचे धातू सापडले. ओझोनचा थरही तिथेच आहे. तरी अमेरिकेचा दूरसंचार आयोग उपग्रहांना परवाना देताना पर्यावरणाची सविस्तर तपासणी सहसा करतच नाही. सगळ्या जगाच्या हवेचा निर्णय एका देशातलं एक कार्यालय घेतं, हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

ध्रुव:
धातू सापडले, मान्य. ओझोनचं नुकसान झालं असं मात्र ते संशोधन म्हणत नाही. आणि बोट फक्त खासगी कंपन्यांकडे का? 2007 मध्ये चीनने आणि 2021 मध्ये रशियाने क्षेपणास्त्रं डागून स्वतःचेच उपग्रह फोडले, हजारो तुकडे कक्षेत पसरले. ती सरकारं होती. उलट रॉकेटचा पहिला टप्पा परत उतरवून पुन्हा वापरणं 2015 नंतर स्पेसएक्स या खासगी कंपनीनेच रुळवलं. त्याआधी तो बहुधा पडून वायाच जायचा.

सावली:
त्या पुनर्वापरानेच उड्डाणं स्वस्त झाली आणि संख्या वाढली, ध्रुव. त्या कंपनीचं फाल्कन 9 रॉकेट केरोसीनवर उडतं आणि काजळी सोडतं. जमिनीजवळची काजळी पावसाने धुऊन जाते, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये पाऊसच नाही. तिथे ती वर्षानुवर्षं राहते.

ध्रुव:
मग इंधन बदलायला लावा. बंदी कशाला?

निरभ्र:
बंदी मी मागितलेलीच नाही. 1967 च्या अंतराळ कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी कंपनीच्या कामाला सरकारची परवानगी आणि सतत देखरेख लागते. त्या देखरेखीत उपग्रहाचं जळणंही यायला हवं. 2022 मध्ये त्याच आयोगाने काम संपल्यावर पाच वर्षांत उपग्रह कक्षेतून काढायचा नियम केला, म्हणजे मनात आणलं तर नियम होतात. माझी मागणी एवढीच: दरवर्षी किती किलो धातू वर जळणार, हे कंपनीने परवान्याआधी जाहीर करावं. नुकसान सिद्ध होईपर्यंत थांबलो, तर तोवर जळालेलं परत गोळा करता येणार नाही.

ध्रुव:
जाहीर करायला माझी हरकत नाही. पण मग लष्करी आणि सरकारी उपग्रहांनाही हीच अट हवी. त्यांना सूट असेल तर माझा विरोध कायम.