मदत हवी आहे: सिंगल ऑडिटमधे (सरकारी ग्रँटच्या खर्चाचं ऑडिट) टाइमशीटवरून फाइंडिंग (त्रुटीची नोंद) आलंय

नमस्कार मंडळी, अमेरिकेत नॉनप्रॉफिटच्या अकाउंट्समधे कोणी आहे का इथे? मी टेक्ससमधल्या एका छोट्या संस्थेत आहे, बेघर माजी सैनिकांना घरभाडं, डिपॉझिट वगैरे देतो आम्ही, पैसा व्हीएच्या (अमेरिकन सरकारचं माजी सैनिकांचं खातं) एसएसव्हीएफ ग्रँटचा. तर झालंय असं की दोन केसवर्कर दोन वेगवेगळ्या ग्रँटवर काम करतात आणि त्यांचा पगार वर्षभर बजेटप्रमाणे सरळ ६०-४० टाकलाय, आणि ग्रँटच्या खर्चाचा केंद्रीय नियम २ सीएफआर २००.४३० म्हणतो नुसता बजेटचा अंदाज चालणार नाही, प्रत्यक्ष कामाची नोंद हवी. टाइमशीट आहेत हो, पण सगळ्यांवर रोज ८ तास, एकाच पेनाने एकाच बैठकीत भरल्यासारखे, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीलासुद्धा ८ तास!! आता तो पगार क्वेश्चन्ड कॉस्टमधे, म्हणजे ऑडिटरने आक्षेप घेतलेल्या खर्चात गेलाय.

करेक्टिव्ह ॲक्शन प्लॅन (चूक कशी सुधारणार त्याचा आराखडा) माझ्या गळ्यात पडलाय. जबाबदार माणसाचं नाव, काय करणार, कधीपर्यंत, एवढं लागतं ते माहितीय. पण केसनोट्स आणि कॅलेंडरवरून मागचे तास काढून, आजचीच तारीख टाकून दाखवले तर ऑडिटर ग्राह्य धरतात का, की उलट अंगाशी येतं? जुन्या तारखा घालून नवीन टाइमशीट मी करणार नाहीये, डायरेक्टरना मात्र तेच सोप्पं वाटतंय. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, ऑडिटरशी पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे.