इलेक्ट्रॉनिक इग्निशनला वीज मेन बसवरून द्यावी की थेट बॅटरीवरून?

खानापूर_रोड
दोन आसनांचं घरी बांधायचं विमान, इंजिन लायकॉमिंग ओ-३२०. दोन्ही मॅग्नेटो (ठिणगीची वीज स्वतःच बनवणारी यंत्रं) काढून दोन इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे आहेत. अल्टरनेटर एक, १२ व्होल्टची बॅटरी एक. आराखड्यात दोन्ही इग्निशन बॉक्सचा पॉझिटिव्ह मेन बसवर (विमानातल्या उपकरणांना वीज वाटणारी मुख्य पट्टी) एकाच ७.५ अँपच्या फ्यूजमधून घेतलाय. मॅग्नेटोला बाहेरची वीज लागत नव्हती, याला लागते, म्हणून शंका येते. दुसरी बॅटरी घालायची तर केवढी, आणि ती चार्ज कशी व्हावी? वायर बेळगावच्या बाजारातली चालेल का? सांगा की.

निपाणीकर
दादा, तो सामाईक फ्यूज आधी खोडा. एक फ्यूज गेला की दोन्ही इग्निशन एकदम बंद, मग दोन बसवून उपयोग काय?

मेन बसवरूनही घेऊ नका. केबिनमध्ये धूर आला की पायलट पहिल्यांदा मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, बंद करतो, आणि नेमकं तेव्हाच इंजिन चालू राहायला हवं. पहिल्या बॉक्सची वायर मास्टर कॉन्टॅक्टरच्या (मास्टर स्विचने चालणारा मोठा रिले) अलीकडून, थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून काढा. ५ अँपचा फ्यूज बॅटरीपासून १५ सेंटीमीटरच्या आत. तिथून स्वतंत्र टॉगल स्विच, मग बॉक्स.

दुसऱ्या बॉक्सला स्वतःची १२ व्होल्ट ७ अँपअवरची सील्ड बॅटरी द्या. बॉक्स दीड अँप खातो असं धरा, पण क्रूझच्या आरपीएमला मोजून खात्री करा. ७ चा आकडा २० तासांच्या संथ डिस्चार्जचा असतो, वेगाने खेचलं तर कमीच मिळतं. जुनी बॅटरी ६० टक्केच देईल असं धरलं तर ४.२ भागिले १.५, म्हणजे पावणेतीन तास. टाकीतलं इंधन त्याहून जास्त वेळ पुरत असेल तर मोठी बॅटरी घ्या. दर दोन वर्षांनी बदला, चांगली वाटली तरी.

चार्जिंगसाठी मेन बॅटरीकडून २० अँपचा शॉट्की डायोड, हीटसिंकवर. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. साध्या सिलिकॉन डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात, शॉट्कीवर ०.४ च्या आसपास. अल्टरनेटर १४.२ देत असेल तर छोट्या बॅटरीला १३.८ मिळतात, आणि सील्ड बॅटरीला कायम तेवढेच मानवतात. डायोडच्या दोन्ही बाजूंना १० अँपचा फ्यूज हवा. डायोड बिघडतो तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होतो आणि दोन्ही बॅटऱ्या एकमेकींत रिकाम्या होऊ लागतात. छोटी बॅटरी पार उतरली असेल तर विमानात चार्ज करू नका, बाहेर काढून चार्जरवर लावा.

याचा आणखी एक फायदा आहे. स्टार्टर फिरताना मेन बॅटरी ८-९ व्होल्टपर्यंत खाली येते. तेवढ्यावर काही बॉक्स रीसेट होतात, ठिणगी भलत्या वेळी पडते, इंजिन उलटा झटका देतं आणि स्टार्टरची नोज (पुढचं तोंड) तुटते. डायोडमुळे छोटी बॅटरी या खड्ड्यात ओढली जात नाही. म्हणून स्टार्ट दुसऱ्या इग्निशनवर करा.

उद्यमबाग_फिटर
वायरचं सांगतो. घरगुती पीव्हीसी फ्लेक्स अजिबात नको. ती ७० अंशांची असते, जळाली की विषारी धूर सोडते. टेफझेल (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाची वायर) घ्या, १५० अंशांची, १८ गेज, टिनचा मुलामा असलेली. खानापूरकडच्या पावसात उघडं तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही.

टोकं रॅचेट क्रिम्परनेच (लग दाबून बसवायचं हत्यार) दाबा. लग, म्हणजे टोकाला बसणारा धातूचा तुकडा, वायरच्या इन्सुलेशनलाही धरणारा हवा. सोल्डर नको, ते तारांमध्ये वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि कंपनाने नेमकी त्या कडेला तुटते. पक्कडीने दाबलेला लग दिसायला ठीक असतो, पण ओढला की सुटतो. एक नमुना करून १७ किलोचं वजन टांगा, मिनिटभर. सुटला तर क्रिम्परचा डाय चुकीचा आहे.

अर्थिंग लोक विसरतात. दोन्ही बॉक्सचे निगेटिव्ह एकाच बोल्टखाली घेतलेत तर सामाईक फ्यूजचीच चूक पुन्हा झाली. दोन वेगळे बोल्ट, दोन वेगळ्या वायरी. इंजिनची जाड अर्थ पट्टीही दोन जागी बांधा. ती सुटली तर स्टार्टरचा शेकडो अँप प्रवाह इग्निशनच्या बारीक वायरीतून परतायला बघतो आणि त्या जाळतो.

खानापूर_रोड
दोन्ही बॅटऱ्या डायोडने जोडून दोन्ही बॉक्सना दोन्हीकडून वीज दिली तर? आणि मेन बॅटरी लिथियम घेतली तर चालेल?

निपाणीकर
पहिलं नको. कागदावर ते जास्त सुरक्षित वाटतं, पण दोन्ही बॉक्स पुन्हा एकाच सांध्यावर येतात. तिथे शॉर्ट झालं की दोन्ही गेले.

लिथियमच्या आतलं सर्किट व्होल्टेज जास्त-कमी झालं की न सांगता बॅटरी तोडतं, आणि बॅटरीविना अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं. घ्यायचीच तर मेनला घ्या, दुसऱ्या इग्निशनची लेड-ॲसिडच ठेवा. अल्टरनेटरच्या फील्डवर (त्याला चुंबकत्व देणारी गुंडाळी) ओव्हरव्होल्टेज क्रोबार लावा, म्हणजे १६ व्होल्टच्या आसपास मुद्दाम शॉर्ट करून ५ अँपचा ब्रेकर पाडणारं सर्किट.

उड्डाणाआधी जमिनीवर, चाकांना अडण्या लावून, १७०० आरपीएमला मास्टर आणि अल्टरनेटर फील्ड दोन्ही बंद करा. इंजिन जसंच्या तसं चाललं पाहिजे. मग तसंच एकेक इग्निशन बंद करून आरपीएम किती पडतो ते लिहून ठेवा. शेवटी इंजिन बंद करून, डायोडच्या दोन्ही बाजूंचे फ्यूज काढून, तो मल्टिमीटरवर दोन्ही दिशांनी तपासा.